अनुराधपूरच्या अलीकडे

आम्ही अनुराधपूर पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण श्रीलंकेहून परतल्यापासून डिलाईल रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. बोधिवृक्षाची फांदी भारतातून नेऊन जिथे लावली, ते गाव. चाळ पाडून टॉवर झाला तरी माणसं तीच आहेत. कोणी बौद्ध देशात जाऊन आलं की हकीगत सगळ्या मजल्यांना हवी असते. मी सांगते, तासाभराच्या अंतरावर होतो, पण पोहोचलो नाही. त्यावर "का गं?" विचारतात. त्याचं उत्तर लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही तिघी मैत्रिणी. कॉलेजात एनसीसीला एकत्र होतो. रंजना लालबागची, मूळची मालवणकडची, आता पालिकेत पाणी खात्यात आहे. अनघा गिरगावची, घरात तीन पिढ्या वकील, तीही वकील. आणि मी सुजाता, परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये काम करते. मोटरसायकल आम्ही रंजनाच्या भावाच्या गाडीवर नायगावच्या मैदानात शिकलो. तेव्हाच ठरलं होतं, एकदा गाडीवरून कुठेतरी लांब जायचं. मग नोकऱ्या, लग्नं, मुलांच्या दहावी-बारावी. पंचेचाळिशी उलटल्यावर रंजना एक दिवस फोनवर म्हणाली, "आता गुडघे बोलायला लागले हत. जायचं तर ह्याच वर्षी."

श्रीलंका जवळची, तिथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, आणि माझ्या आईला अनुराधपूरचा फार ध्यास होता. एवढ्यावर ठरलं.

निगोंबो

विमानतळाजवळच्या या समुद्रकाठच्या गावात एका गेस्ट हाऊसवाल्याकडे आम्ही दोन गाड्या भाड्याने घेतल्या. अनघाने बऱ्यापैकी नवी स्कूटर घेतली. रंजनाला स्कूटर नको होती. ती सगळ्यात स्वस्त मोटरसायकलसमोर जाऊन उभी राहिली. शंभर सीसीची, आपल्याच देशात बनलेली, सीटला काळी टेप गुंडाळलेली, आरसा एकच. मालक प्रेमाने टाकीवर थाप मारून म्हणाला, "मॅडम, ही धावते." थांबण्याबद्दल तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिथलं तात्पुरतं लायसन्स रंजना आणि अनघाने काढलं होतं. मी रंजनाच्या मागे बसणार होते.

पहिल्या दिवशी आम्ही नारळीच्या बागांमधून कुरुणेगलकडे निघालो. रंजना दर दहा मिनिटांनी म्हणायची, "हुबेहूब आमचं गाव गो." खरं तर हुबेहूब नव्हतं. कोकणात रस्ता वळणं घेत डोंगर चढतो. इथे तो भातशेतीच्या कडेने सपाट जातो आणि मध्येच एखादा काळा कातळ हत्तीसारखा बसलेला दिसतो. दर गावात पिंपळाभोवती पांढरा कठडा, त्यावर मातीच्या पणत्या, खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं. पिंपळाला आपल्याकडेही फेऱ्या मारतात, पण त्यामागे बहुधा शनीची भीती असते. इथे लोक झाडापुढे नुसते बसून राहतात, ओळखीच्या माणसाकडे बसावं तसे.

माझं नाव सांगितलं की माणसं थेट सिंहलीत सुरू व्हायची. सुजाता हे तिथे घरोघरचं नाव. मला कळायचं ते एकेक शब्द. बत म्हणजे भात, अत म्हणजे हात, गम म्हणजे गाव. टपरीवर बिनदुधाचा चहा आणि सोबत तळहातावर गुळाचा खडा मिळायचा. खडा चावायचा आणि वर चहाचा घोट. अनघाने पहिल्यांदा तो खडा चहात टाकून ढवळला, तेव्हा टपरीवाल्या बाईने हसून तिला दुसरा कप करून दिला.

दांबुल्ला

इथल्या गुहेतली लेणी पाहून उतरताना रंजना म्हणाली, "मागचा ब्रेक खाली जाता." गावातल्या मेकॅनिकने चाक फिरवून पाहिलं, खुणेने सांगितलं की आतली पट्टी झिजली आहे, बदलायला हवी. त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी पोसोनची पौर्णिमा होती, म्हणजे आपली ज्येष्ठ पौर्णिमा. बौद्ध धम्म या बेटावर पोहोचला तो हा दिवस मानतात, देशभर सुट्टी असते. दुकानं बंद राहणार होती. त्याने ब्रेकचा नट आवळून दिला आणि हाताने सांगितलं, सावकाश.

अनघा म्हणाली, "ही गाडी इथेच ठेवूया का? बसने जाऊ."

"अनुराधपूर आलंच की," रंजना म्हणाली. "हळू जाईन."

मी मध्ये पडले नाही. मलाही पौर्णिमेला तिथे पोहोचायचं होतं.

बांधावर

कलावॅव हे तिथलं जुनं, राजाने बांधलेलं प्रचंड तळं. त्याच्या बांधावरून रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसरीकडे खाली शेतं आणि घरं. दिवस कलत होता, पाण्यावर तांबूस उजेड होता, आणि रस्त्याने पांढऱ्या कपड्यातली यात्रेकरू माणसं बसमधून, ट्रॅक्टरमधून पुढे चालली होती. रंजना खरंच हळू चालवत होती. अनघा मागे होती.

खालच्या वाटेने एक म्हातारा सायकल दामटत बांधावर चढला आणि आमच्या पुढ्यात आला. सायकलच्या दोन्ही बाजूंना नारळांची पोती लटकत होती. रंजनाचा पाय ब्रेकवर गेला तो तसाच खाली गेला. पुढचा ब्रेक तिने दाबला, गाडी तिरकी झाली, आणि सायकलच्या मागच्या चाकाला धडकली. आम्ही दोघी बाजूला पडलो, आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. म्हातारा मात्र हातावर पडला. पोती फुटली आणि नारळ एकामागून एक उतारावरून गडगडत तळ्यात गेले.

माणसं जमली. आपल्याकडे एव्हाना दोन कानाखाली बसल्या असत्या, त्या तयारीने मी उभी होते. कोणी हात उगारला नाही. एकाने गाडी उचलून बाजूला लावली, दुसऱ्याने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारा मनगट धरून नारळांकडे बघत होता. मी त्याचा हात पाहिला. लॅबमध्ये काम करत असले तरी मोडलेलं मनगट ओळखायला डॉक्टर लागत नाही.

त्याचं नाव पियदास. खालच्याच गावातला. त्याची मुलगी निलमिनी धावत आली. ती कोलंबोकडे कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते आणि सुट्टीला घरी आली होती. तिला इंग्रजी येत होतं, आणि मालिका बघून थोडं हिंदीही. तिच्यासोबत आम्ही रिक्षाने पियदासना सरकारी इस्पितळात नेलं. प्लास्टर झालं. घरी परतलो तेव्हा त्यांची बायको सोमावती ओट्यावर उभी होती. तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मोजकंच काहीतरी बोलली.

निलमिनीने भाषांतर केलं. "अम्मा विचारते, उद्याचं दन्सल आता कोण करणार?"

दन्सल म्हणजे अन्नदान. पोसोनला गावागावात रस्त्याच्या कडेला मांडव घालतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून जेवू घालतात. या गावच्या दन्सलचा मुख्य आचारी पियदास होते. कित्येक वर्षं चुलीवरचा तो मोठा हंडा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नव्हता.

सोमावती पुढे बोलत होती आणि निलमिनी आता भाषांतर करताना खाली बघत होती. "ती म्हणते, सण झाला की पोलिसांत जायचं. तोवर तुमची गाडी इथेच राहील. तुम्ही पण."

त्यांनी आम्हाला आतली खोली दिली. चटया घालताना अनघा दबक्या आवाजात म्हणाली, "नीट ऐका. ब्रेकबद्दल कोणी काही बोलायचं नाही. ते अचानक समोर आले, हे खरं आहे. तेवढंच सांगायचं. ब्रेक खराब आहे हे माहीत असून चालवली म्हटलं की केस होईल. रंजना, तुझी पालिकेची नोकरी आहे. परदेशात गुन्हा म्हणजे काय, कळतंय ना?"

रंजना उशाला घेतलेल्या बॅगेचा बंद गुंडाळत होती. 

पौर्णिमा

पहाटे उठून बाहेर आले तर रंजना अंगणात सोमावतीसमोर उभी. निलमिनी मध्ये.

"तिला सांग, हंडा मी ढवळते," रंजना म्हणत होती. "बाबांनी बाजूला बसून फक्त सांगायचं."

सोमावतीने मान हलवली. हंडा बायका ढवळत नाहीत, ते पुरुषांचं काम, असं काहीसं. रंजना वाद घालायला थांबली नाही. कोपऱ्यात नारळाचा ढीग होता आणि शेजारी आपल्या खवणीसारखं लाकडी बैठकीचं अवजार. ती त्यावर बसली, एक नारळ घेतला, कोयतीने एका फटक्यात फोडला आणि खवायला लागली. लालबागच्या खोलीत वाढलेली असली तरी हात मालवणचा. सोमावती बघत राहिली. तिसऱ्या नारळाला तिने आपल्या हातातली परात रंजनासमोर सरकवली.

मग आम्ही कामाला लागलो. पियदास गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसले आणि डाव्या हाताने सूचना देऊ लागले. रंजना आणि गावातली दोन माणसं भाताच्या हंड्यावर, मी मसूर धुवायला, अनघा भोपळा चिरायला. अनघा कोर्टात जशी कागद लावते तशा फोडी लावत होती, एका मापाच्या. पियदासनी त्या पाहून काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. निलमिनीने वडिलांचं बोलणं सांगितलं, "तात्ता म्हणतात, भोपळा शिजणार आहे, फोटो काढायचा नाही."

सकाळी सगळ्यांना दुधातला भात दिला, चौकोनी वड्या पाडलेला. रंजनाने हात जोडले. तिचा वटपौर्णिमेचा उपास होता. वडाला गुंडाळायचा दोराही तिने बॅगेतून आणला होता. निलमिनीने समजावून सांगितल्यावर सोमावतीने विचारलं, उपास कोणासाठी?

"नवऱ्यासाठी. सात जन्म हाच मिळावा म्हणून."

सोमावतीने खुर्चीतल्या पियदासकडे नीट पाहून घेतलं. "एक पुरे," ती म्हणाली. आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच हसू आवरून चुलीत लाकूड सारायला गेली.

थोड्या वेळाने गावातल्या विहाराच्या भोंग्यातून आवाज आला. पळ्या, विळे, सगळं खाली ठेवून माणसं जिथे होती तिथे बसली. मीही बसले. भिक्खूंनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला मला कळलं की हे मला येतं. आमच्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत विहार होता. दर रविवारी आम्ही मुलं तिथे मांडी घालून त्रिशरण-पंचशील म्हणायचो, अर्थ न कळता, संपल्यावरच्या चण्याफुटाण्यांवर डोळा ठेवून. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा ते शब्द आमच्या घरात आले. त्याआधीच्या कोणाच्याही तोंडी ते नव्हते. आणि इथे ही माणसं ते शतकानुशतकं म्हणत आली होती. चाल वेगळी होती, ओळीच्या शेवटी आवाज लांबत होता, पण शब्द तेच. मी म्हणू लागले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. पियदासनीही पाहिलं. तोवर आमच्यात एकही सामायिक वाक्य नव्हतं. आता एकदम पाच झाली.

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते म्हणताना मी अनघाकडे पाहिलं नाही. तिला पाली येत नाही. मला मात्र त्या ओळीचा अर्थ कळत होता, आणि उद्याचं पोलीस स्टेशन माझ्या डोळ्यासमोर होतं.

दुपारी मांडव सुरू झाला. गावातली पोरं झेंडे घेऊन भर रस्त्यात उभी राहून गाड्या थांबवत होती, जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हती. यात्रेकरूंच्या बस आल्या, एक तमिळ लॉरीवाला आला, एक मुस्लिम कुटुंब रिक्षातून उतरलं, लष्कराचे जवान आले. सगळे ताट घेऊन रांगेत. भात, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची आमटी, भोपळा, पापड. मी आमटी वाढत होते. दादरला सहा डिसेंबरला आई पहाटेपासून पुऱ्या लाटते, लांबून आलेल्या लोकांना आम्ही वाटतो; त्यामुळे वाढण्याची मला सवय. पण तिथे वाढणारे आम्ही आणि घेणारेही आमचेच. बाकीचं शहर त्या दिवशी त्या रस्त्याला येत नाही. इथे माझ्या हातून कोणीही घेत होतं, आणि कोणी रांधलं हे विचारत नव्हतं.

मी हे निलमिनीला सांगितलं तेव्हा तिने थोडा विचार केला. "आज विचारत नाहीत," ती म्हणाली. "लग्न ठरवताना विचारतात. आमच्याकडेही आहे, आक्का." तिचं हे खरं बोलणं मला आवडलं. नाहीतर मी फार सुंदर काहीतरी घेऊन घरी परतले असते.

पोलीस स्टेशन

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तालुक्याच्या गावी गेलो. अधिकारी मध्यमवयीन होता, सणाच्या बंदोबस्ताने दमलेला. त्याने रंजनाला इंग्रजीत विचारलं, काय झालं?

अनघाने घसा साफ केला. "ते अचानक..."

"तिला बोलू द्या," तो म्हणाला.

रंजनाचं इंग्रजी यथातथा आहे. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, जसं आहे तसं सांग. "ते खालून एकदम वर आले. पण मी थांबू शकले असते. ब्रेक लागला नाही. ब्रेक खराब आहे हे मला दांबुल्लातच कळलं होतं, तरी मी चालवली."

अनघाने डोळे मिटले. मी भाषांतर केलं, शब्द न गाळता.  अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि पियदासना विचारलं. ते बराच वेळ बोलले. निलमिनीने आम्हाला कुजबुजत सांगितलं, "तात्ता म्हणतात, मीही रस्ता न बघता चढलो. नारळ पोहोचवायची घाई होती."

अधिकारी म्हणाला की दोन्ही बाजू कबूल असतील तर इथेच मिटवता येईल, नाहीतर कोर्ट. मग तो सोमावतीकडे वळला. खोलीतले आम्ही सगळेच तिच्याकडे वळलो. रंजनाने खुर्चीची कड घट्ट धरली होती.

सोमावती रंजनाकडे बघत हळू बोलली. निलमिनी म्हणाली, "अम्माला कोर्ट नको. तिची एकच अट आहे. ब्रेक नवा बसेपर्यंत ती तुम्हाला त्या गाडीवर बसू देणार नाही. तुमच्या घरीही कोणी वाट बघत असेल, असं म्हणते."

 बाहेर आल्यावर अनघा रंजनाला म्हणाली, "मी वकील म्हणून सांगत होते. ते चूक नव्हतं."

"माका म्हायत हा," रंजना म्हणाली. "पण त्यांच्या हंड्यातला भात मी ढवळला गो. मग कसं जमणार?"

 चालता चालता अनघाने रंजनाच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली.

निघताना

ब्रेकची पट्टी कुरुणेगलहून यायची होती आणि सणाच्या सुट्ट्या लांबल्या. आमची रजा त्या गावातच संपत आली. आम्ही तळ्यात आंघोळ केली, संध्याकाळी बांधावर बसून पाणकावळे मोजायचा प्रयत्न केला, सोमावतीकडून आंबट मासे शिकलो. अनघाने पियदासना डाव्या हाताने जेवायची सवय होईपर्यंत रोज भात कालवून दिला. मी एकदा अनघाला म्हटलं, स्कूटरवरून तू नि मी तरी अनुराधपूरला जाऊन येऊ. ती तयार होती. पण रंजनाला मागे ठेवून निघायला माझाच पाय उचलला नाही. आईला फोनवर सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या बाबांचा हात दुखतो का अजून?"

अखेर पट्टी आली आणि मेकॅनिकने अंगणातच बसवली. रंजनाने गाडी सुरू केली. सोमावती ओट्यावरून उतरली, लुंगीसारख्या वस्त्राचा घोळ सावरला आणि रंजनाच्या मागे बसली. निलमिनी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अम्मा मोटरसायकलवर कधीच बसलेली नाही."

दोघी वाटेने बांधापर्यंत गेल्या. लांबून आम्हाला दिसत होतं, सोमावती रंजनाच्या पाठीवर थाप मारायची आणि गाडी थांबायची. पुन्हा निघायची, पुन्हा थाप, पुन्हा थांबायची. मनासारखी परीक्षा घेऊन त्या परत आल्या. सोमावती उतरली. तिचा अंबाडा सुटला होता. तिने हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "हरि. गिहिल्ला एन्न."

हरि म्हणजे ठीक, हे मला माहीत होतं. पुढचं मी निलमिनीला विचारलं.

"आमच्यात निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत," ती म्हणाली. "जाऊन ये म्हणतात."

मी ते मराठीत सांगितलं. रंजनाने गाडी बंद केली, खाली उतरली आणि सोमावतीच्या पाया पडली. "येते," ती म्हणाली. ते कोणी कोणाला भाषांतर करून सांगितलं नाही.